आवर्तसारणी पाठ न करता कशी वाचावी

हायड्रोजन, हेलियम, लिथियम, बेरिलियम... पहिली वीस नावं मी शाळेत पाढ्यांसारखी घडाघडा म्हणायचो. लिथियमच्या बरोबर खाली सोडियमच का, असं कुणी विचारलं असतं तर मात्र दातखीळ बसली असती. आवर्तसारणीत नावापेक्षा जागा महत्त्वाची, आणि पाठांतरात नेमकी जागाच हरवते. तेव्हा यादी बाजूला ठेवा. मोठ्या अक्षरातला तक्ता समोर घ्या आणि हाताशी एक पेन्सिल असू द्या.

पायरी १ : एकच घर नीट बघा

तिसऱ्या ओळीत अगदी डावीकडे सोडियम आहे. त्याच्या घरात नाव, संज्ञा आणि दोन आकडे दिसतील. संज्ञा नावाशी जुळत नाही म्हणून गोंधळू नका. सोडियमची ‘एन-ए’ ही नॅट्रियम या लॅटिन नावावरून आली, लोखंडाची ‘एफ-ई’ फेरमवरून, सोन्याची ‘ए-यू’ ऑरमवरून. अशी न जुळणारी दहा-अकराच आहेत, वापरता वापरता लक्षात राहतात.

आकड्यांपैकी पूर्णांक असतो तो अणुअंक, म्हणजे अणुकेंद्रातल्या प्रोटॉनांची संख्या. अकरा प्रोटॉन असले की तो अणू सोडियमचाच, बारा असले की मॅग्नेशियमचा. यात तडजोड नाही. दुसरा आकडा, २२.९९, हे अणुवस्तुमान. हा आकडा अपूर्णांकात का, हे क्लोरीनकडे बघून चटकन कळतं. त्याच्या घरात ३५.४५ लिहिलेलं असतं, पण तेवढ्या वस्तुमानाचा क्लोरीनचा एकही अणू सापडायचा नाही. निसर्गात साधारण तीन चतुर्थांश अणू ३५ चे आणि उरलेले ३७ चे असतात, ३५.४५ ही त्यांची सरासरी.

पायरी २ : वरून खाली वाचा

उभ्या रकान्याला गण म्हणतात. असे १८ गण आहेत, आणि सारणीची खरी गंमत इथेच आहे, म्हणून इथे घाई करू नका.

पहिल्या गणातल्या तीन घरांजवळ पेन्सिलीने इलेक्ट्रॉनांची मांडणी लिहा, म्हणजे केंद्राभोवतीच्या प्रत्येक कवचात (थरात) किती इलेक्ट्रॉन ते, आतून बाहेर. लिथियम : २, १. सोडियम : २, ८, १. पोटॅशियम : २, ८, ८, १. कवचं वाढत गेली, पण सगळ्यात बाहेर प्रत्येकाकडे एकच इलेक्ट्रॉन. रासायनिक व्यवहार बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या जोरावर चालतात, म्हणून या तिघांचा स्वभाव सारखा. तिघंही मऊ, सुरीने कापता येणारे धातू, आणि तिघंही पाण्याशी झगडून हायड्रोजन सोडतात.

झगडण्याची तीव्रता मात्र वेगळी. लिथियमचा तुकडा पाण्यावर तरंगत फसफसत राहतो. सोडियम ९८ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे अभिक्रियेच्या उष्णतेनेच त्याची चकचकीत गोळी होते आणि ती पाण्यावर सैरावैरा धावते. पोटॅशियम टाकलं की निघणारा हायड्रोजन लगेच पेटतो आणि जांभळट ज्योत दिसते. (हे चित्रफितीत बघा, घरी करू नका.) कारण सोपं आहे. खाली जाल तसा बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून लांब पडतो, मधली कवचं आड येतात, केंद्राची पकड सैल होते आणि तो सहज सुटतो.

आता उजवीकडे सतराव्या गणाकडे, म्हणजे हॅलोजनांकडे या. यांच्या बाहेरच्या कवचात सात इलेक्ट्रॉन, आठाला एक कमी. यांना द्यायचं नाही, ओढून घ्यायचं आहे. ओढणारं केंद्र जितकं जवळ तितकी ओढ जास्त, म्हणून इथे क्रम उलटा होतो : सगळ्यात आक्रमक फ्लोरीन वर, खाली जाल तसा जोर कमी. कारण एकच, परिणाम दोन्ही टोकांना विरुद्ध. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी सारणी कळली असं मी बिनधास्त म्हणेन.

हॅलोजनांना लागून उजवीकडे अठरावा गण आहे, राजवायूंचा. बाहेरचं कवच भरलेलं, त्यामुळे ते सहसा कुणाच्या अध्यातमध्यात नसतात.

पायरी ३ : डावीकडून उजवीकडे वाचा

आडव्या ओळीला आवर्त म्हणतात. तिसऱ्या आवर्तात सोडियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम हे धातू. मग सिलिकॉन हा धातुसदृश. पुढे फॉस्फरस, गंधक, क्लोरीन हे अधातू. बोरॉनपासून खाली उजवीकडे उतरणारी जिन्यासारखी रेघ ओढा. डावीकडे धातू, उजवीकडे अधातू, आणि रेघेला चिकटून बहुतेक धातुसदृश.

इथे एक गोष्ट अंदाजाला चकवते. अणुअंक वाढतो तसा अणू मोठा व्हायला हवा ना? ओळीत उलट घडतं. सोडियमच्या अणूची त्रिज्या सुमारे १८६ पिकोमीटर, क्लोरीनची जेमतेम ९९. नवे इलेक्ट्रॉन त्याच कवचात येत राहतात, केंद्रातले प्रोटॉन मात्र वाढतात आणि सगळ्यांना आत खेचतात.

मधले दहा रकाने संक्रामक धातूंचे. लोखंड, कोबाल्ट, निकेल हे शेजारी एकमेकांसारखेच वागतात, आणि वर सांगितलेले साधे नियम तिथे लंगडे पडतात. सुरुवातीला तो भाग सोडून द्या.

पायरी ४ : एक घर झाका आणि अंदाज करा

रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने १८६९ मध्ये सारणी मांडली तेव्हा ६३ मूलद्रव्यं माहीत होती. जिथे गुण जुळेनात तिथे त्याने घर रिकामं ठेवलं आणि तिथे काय सापडेल हे आधीच लिहून टाकलं. या न सापडलेल्यांना त्याने संस्कृतातला ‘एक’ जोडून नावं दिली : एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन. पुढे १८७५ मध्ये फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्राँला गॅलियम, म्हणजे तेच एका-ॲल्युमिनियम, सापडलं, त्याची घनता त्याने ४.७ मोजली. गॅलियम डोळ्यांनीही न पाहिलेल्या मेंडेलीव्हने कळवलं, ती ६ च्या जवळपास हवी, नमुना पुन्हा शुद्ध करा. पुन्हा मोजली तर ५.९ भरली.

हा खेळ आपल्यालाही जमतो. जर्मेनियमचं, म्हणजे मेंडेलीव्हच्या एका-सिलिकॉनचं, घर बोटाने झाका. वर सिलिकॉन २८.०९, खाली कथिल ११८.७१, डावीकडे गॅलियम ६९.७२, उजवीकडे आर्सेनिक ७४.९२. चौघांची बेरीज करून चारने भागा : ७२.८६. आता बोट काढा. ७२.६३. मेंडेलीव्हने ७२ सांगितलं होतं, जर्मेनियम सापडलं १८८६ मध्ये.

असंच ब्रोमीनवर करून बघा, आकड्यांनी नव्हे, रूपावरून. वर क्लोरीन हा हिरवट-पिवळा वायू, खाली आयोडीन हा काळपट चमकदार घन. मधला कसा असेल? तांबूस-तपकिरी द्रव.

पायरी ५ : नियम कुठे अडखळतो ते टिपून ठेवा

हायड्रोजन पहिल्या गणात बसतो, पण तो धातू नाही. बाहेर एक इलेक्ट्रॉन आहे एवढंच त्याचं नातं. हेलियमकडे दोनच इलेक्ट्रॉन, तरी तो अठराव्या गणात, कारण त्याचं एकुलतं एक कवच दोनातच भरतं. टेल्युरियमचं वस्तुमान १२७.६० आणि आयोडीनचं १२६.९०, तरी टेल्युरियम आधी येतं. मेंडेलीव्हने गुणधर्म बघून ही अदलाबदल केली, पण कारण त्याच्याकडे नव्हतं. ते १९१३ मध्ये मोझली या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाच्या क्ष-किरणांच्या प्रयोगांतून कळलं : क्रम वस्तुमानाने लागत नाही, अणुअंकाने लागतो.

शेवटी ११८ व्या घराकडे या, ओगॅनेसन. जागेवरून तुम्ही म्हणाल राजवायू. गणितं मात्र सांगतात की साध्या तापमानाला तो बहुधा घन असेल. त्याचे मोजकेच अणू आजवर बनले आणि ते सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाएवढेच टिकले, त्यामुळे पडताळा घेता आलेला नाही.

त्याच्यानंतर सातवी ओळ संपते. ११९ वं मूलद्रव्य अजून कुणी बनवलेलं नाही, पण फ्रान्सियमच्या खाली एक घर पेन्सिलीने आखा आणि बाहेरच्या कवचात किती इलेक्ट्रॉन असतील ते त्यात लिहा. त्याचं कामचलाऊ नाव तर जुन्या पद्धतीने तयारच आहे : एका-फ्रान्सियम.