परदेशात बॅग चोरीला गेली, पोलिसांत काय कामी आलं

ट्रेनमध्ये बॅगच उचलली कोणीतरी, आत फोन आणि पासपोर्ट. मित्राच्या फोनवरून आधी कार्ड ब्लॉक केलं, मग पोलिस स्टेशन. तिथला ऑफिसर म्हणे "हरवली" असं लिहितो, पण मी अडूनच बसलो की चोरी असंच लिहा, कारण इन्शुरन्सवाले नुसत्या हरवलेल्याचे पैसे द्यायला का-कू करतात. भाषेची बोंब होतीच, दुभाषी मागितला तर फोनवर मिळाला. रूममेटने फोनच्या खोक्यावरचा १५ आकडी आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) कळवला, तोही रिपोर्टमध्ये घालून घेतला. शिक्क्याची कॉपी हातात पडेपर्यंत उठलो नाही, दूतावासात नव्या पासपोर्टसाठी पहिल्यांदा तीच मागितली. फोन काही मिळाला नाही (मिळेल असं वाटलंही नव्हतं), इन्शुरन्सचे पैसे मात्र आले.