सेलरी, गाजर, कोथिंबीर: मोझॅक दिसला तर काय करावं?

पानांवर फिकट-गडद हिरवे डाग, म्हणजे मोझॅक हा विषाणूचा रोग, दिसले की हात आधी फवारणीच्या पंपाकडे जातो. जरा थांबा. विषाणूवर औषध नाही, लागण झालेलं झाड बरं होत नाही. वाचवायची आहेत ती बाकीची झाडं.

आधी खात्री करा. कोवळी पानं बघा: शिरा फिकट पडतात, पान चुरगळतं, सेलरीची पानं अरुंद होऊन पिळवटतात, झाड खुजं राहतं. अन्नद्रव्याची कमतरता बहुधा सगळ्या पट्ट्यात सारखी दिसते, विषाणूची झाडं सुरुवातीला इकडेतिकडे विखुरलेली असतात. शेजारच्या उसात टू-फोर-डी हे तणनाशक फवारलं असेल तरी पानं अशीच पिळवटतात, तेव्हा आसपासची इतर रुंद पानांची झाडंही तपासा. शंका राहिली तर पानांचा नमुना घेऊन कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

आता मावा. सेलरी मोझॅकचा विषाणू तोच पसरवतो. रोगट पानात सोंड खुपसून तो नुसती चव घेतो, तेवढ्या काही सेकंदांत विषाणू सोंडेला चिकटतो. पुढच्या झाडाची चव घेताना विषाणू तिथे उतरतो. कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत हे सगळं उरकलेलं असतं. शिवाय हा मावा तुमच्या पिकावर वाढलेलाच असतो असं नाही, वाटेत टेकलेला पाहुणाही पुरतो. गाजराची पानं लाल-पिवळी करणाऱ्या विषाणूचं वेगळं आहे. तो घ्यायला माव्याला बराच वेळ रस शोषावा लागतो, म्हणून तिथे वेळेवर केलेली फवारणी कामी येते.

मग मोझॅक तोडायचा कुठे? याचं उत्तर कॅलिफोर्नियाच्या सेलरी बागायतदारांनी दिलंय. 1930च्या दशकात तिथे या रोगाचा अभ्यास झाला. हा विषाणू बियाण्यातून येत नाही. उभ्या पिकातून आणि गाजरकुळातल्या तणांतून तो पुढच्या लागवडीवर जातो. म्हणून तिथल्या काही भागांत वर्षातला ठरावीक काळ शिवारात सेलरी ठेवायचीच नाही, असा नियम झाला.

आपल्याकडे नेमकं याच्या उलट चालतं. बाजार धरायचा म्हणून दर पंधरा दिवसांनी कोथिंबिरीचा नवा वाफा, तोही जुन्याला खेटून. एखाद्याच वाफ्यात रोग दिसला तर निदान पुढचा वाफा लांब घ्या. रोग सगळीकडे असेल तर काही आठवडे या कुळातलं काहीच पेरू नका: गाजर नाही, शेपू नाही, बडीशेपही नाही. आपोआप उगवलेली धन्याची आणि गाजराची रोपं काढून टाका. मला विचाराल तर सगळ्यात जास्त फायदा याच कामाचा आहे, आणि यालाच सगळे कंटाळतात.

नव्या लागवडीत जमिनीवर चंदेरी मल्चिंग पेपर अंथरा, त्याच्या चकाकीने उडता मावा कमी उतरतो. कडेने मका आधी पेरा. येणारा मावा त्यावर सोंड टोचतो आणि सोंडेवरचा विषाणू तिथेच संपतो.

रोगट झाड उपटताना झटकू नका, मावा उडून शेजारी जाईल. आधी झाडावर पिशवी घाला, मग मुळासकट ओढा आणि शेताबाहेर खोल पुरा.