सगळे एमसीबी खाली, तरी आरसीसीबी पडतोच? न्यूट्रल तपासा

30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट अर्थला गळला की वीज तोडणारा स्विच) कुठलाही जड लोड लावला की पडायचा. गिझर, फ्रिज काढून पाहिले. आरसीसीबीही नवा बसवला. वैताग नुसता! सिंगल पोल एमसीबी (एकेका सर्किटचा स्विच) फक्त फेज तोडतो, त्यामुळे बंद सर्किटचा न्यूट्रलही अर्थला टेकलेला राहू शकतो. मग परतणारा थोडा करंट अर्थमधून जातो आणि आरसीसीबीला ती गळती वाटते.

परवानाधारक वायरमनने मेन बंद केला, सगळी उपकरणे सॉकेटमधून काढली, आरसीसीबीनंतरच्या न्यूट्रल लिंकवरून सर्व वायरी सोडवल्या. मग 500 व्होल्ट मेगरने (इन्सुलेशन तपासायचे मीटर) प्रत्येक न्यूट्रल वायर आणि अर्थ यांमधला रोध मोजला. किमान 1 मेगाओहम हवा. बाल्कनीच्या सर्किटला जवळपास शून्य! लोखंडी बॉक्सच्या स्क्रूखाली वायर चिरडली होती. तेवढा तुकडा बदलला, पुन्हा मोजले, वायरी जोडल्या आणि शेवटी टेस्ट बटण दाबले. (ते एरवीही अधूनमधून दाबावे.)