सुरीचे पाते: धार, पॉलिश आणि रोजची निगा

सुरीला धार ‘लावतात’ असे आपण म्हणतो, तेव्हा पात्यावर काहीतरी चढवले जाते असा उगाचच भास होतो. प्रत्यक्षात धार लावणे म्हणजे पात्याच्या कडेचा बोथट झालेला भाग घासून काढून टाकणे आणि त्याच्या आतला ताजा धातू उघडा करणे होय. म्हणजेच दर वेळी सुरी दगडावर गेली की तिचे पाते किंचित अरुंद होते आणि तेवढे तिचे आयुष्य कमी होते. सुरी टिकवायची असेल तर धार उत्तम लावता येणे जितके आवश्यक आहे, तितकेच ती वारंवार लावावी लागू नये याची काळजी घेणेही आवश्यक आहे, आणि माझ्या अनुभवात या दुसऱ्या गोष्टीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते.

धार का जाते हे आधी पाहून घ्यावे, कारण उपाय त्यावरच ठरतो. पात्याची कड अतिशय पातळ असल्यामुळे फळीवर पुन्हा पुन्हा आपटून ती एका बाजूला मुरडते. अशा वेळी धातू गेलेला नसतो, फक्त वाकलेला असतो. दुसऱ्या प्रकारात कड खरोखरच झिजून गोलसर होते. तिसऱ्या प्रकारात कडेचे बारीक टवके उडतात. चौथे कारण गंज. आंबट रस किंवा मीठ पात्यावर राहिले तर डोळ्यांना दिसण्याआधीच कड खाल्ली जाते. टवके उडण्यासाठी समोरची वस्तू कठीणच असावी लागते असेही नाही. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले की, पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असलेल्या मानवी केसामुळेही वस्तऱ्याच्या पात्याचे टवके उडू शकतात.

सुरीची स्थिती ओळखण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे ती दिव्याखाली, धार वर करून, डोळ्यांसमोर सरळ धरणे आणि हळूहळू कलती करत पाहणे. उत्तम धार दिसतच नाही. तिथे प्रकाश परतवण्याइतकी जागाच नसते. जिथे पांढरी बारीक रेघ किंवा ठिपका चमकतो, तिथे कड बोथट झालेली, मुरडलेली किंवा तुटलेली आहे असे समजावे. पुढचे काम नेमके कुठे करायचे आहे हे या एका निरीक्षणातून कळते. अंगठा धारेच्या लांबीच्या दिशेने फिरवून धार तपासण्याची सवय मात्र कोणीही लावून घेऊ नये.

कड नुसती मुरडलेली असेल तर दगड बाहेर काढण्याची गरज नाही. धार सरळ करणारी गुळगुळीत पोलादी सळई टेबलावर टोक टेकवून उभी धरावी आणि सुरी टाचेकडून, म्हणजे धारेच्या मुठीजवळच्या भागाकडून, टोकाकडे ओढत, दोन्ही बाजूंनी आलटून पालटून, चार-पाच वेळा अगदी हलक्या हाताने उतरवावी. वजन सुरीचेच पुरे होते. दोन सळया एकमेकींवर खणखणत घासल्यासारखा आवेश पाहायला छान वाटतो, पण त्यामुळे कड आणखी बिघडते. सिरॅमिकच्या किंवा हिऱ्याचा थर दिलेल्या सळया धार नुसती सरळ करत नाहीत, त्या धातूही काढतात, म्हणून त्यांचा वापर बेताने करावा. पाते फार कठीण असेल, म्हणजे रॉकवेल या कठीणपणाच्या मापावर ६० किंवा त्याहून अधिक, तर खाचांच्या पोलादी सळईने त्याचे टवके उडण्याची भीती असते; अशा सुरीसाठी बारीक सिरॅमिक सळई किंवा थेट दगडच योग्य. साध्या वापराच्या बहुतेक सुऱ्या ५४ ते ५८ च्या आसपास असतात आणि त्यांना पोलादी सळई चांगली मानवते.

सळईने काम भागेनासे झाले की मगच दगड घ्यावा. घरगुती वापरात ही वेळ वर्षातून दोन-तीनदा येते. दगडाचा खरखरीतपणा ग्रिटच्या आकड्याने सांगतात. आकडा जितका मोठा तितके कण बारीक. २२० ते ४०० ग्रिटचा दगड टवके उडालेले पाते दुरुस्त करण्यासाठी असतो, ८०० ते १००० चा मुख्य धारेसाठी आणि ३००० ते ६००० चा ती गुळगुळीत करण्यासाठी. जपानी मानकानुसार १००० ग्रिटमधील कण साधारण ११ ते १२ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, तर ६००० मधील सुमारे २ मायक्रॉनचे. वेगवेगळ्या मानकांमध्ये एकच आकडा एकाच आकाराचा कण दाखवत नाही, हेही लक्षात असू द्यावे. एकच दगड घ्यायचा असेल तर १००० चा घ्यावा. सच्छिद्र दगड बुडबुडे येणे थांबेपर्यंत, म्हणजे १० ते १५ मिनिटे, पाण्यात ठेवावा लागतो. पण काही दगडांवर फक्त पाणी शिंपडायचे असते आणि ते बुडवून ठेवल्यास बिघडतात. मी असाच एक दगड, अधिक भिजला तर अधिक चांगला अशा भाबड्या समजुतीने, रात्रभर पाण्यात ठेवला होता आणि सकाळी त्याला मधोमध चीर गेलेली पाहून माहितीपत्रक वाचायला बसलो होतो.

कोन हा या कामाचा गाभा आहे. सामान्य सुरीला प्रत्येक बाजूस सुमारे २० अंश, तर पातळ आणि कठीण पात्याला सुमारे १५ अंश ठेवतात. कोन डोळ्यांनी मोजता येत नाही, पण उंची मोजता येते. पाते ४० मिलिमीटर रुंद असेल तर १५ अंशांसाठी सुरीची पाठ दगडापासून सुमारे १० मिलिमीटर वर राहते आणि २० अंशांसाठी १३ ते १४ मिलिमीटर. नाणी एकावर एक रचून ही उंची एकदा बोटांना ओळखीची करून घ्यावी आणि मग नाणी बाजूला ठेवावीत. अंशाचा नेमका आकडा साधण्यापेक्षा धरलेला कोन शेवटपर्यंत न हलू देणे अधिक महत्त्वाचे आहे. त्याची खातरजमा करण्यासाठी पात्याच्या धारेलगतच्या उतारावर मार्कर पेनने काळी रेघ ओढावी आणि सुरी दगडावर दोन-तीनदा फिरवून पाहावी. शाई उताराच्या वरच्या भागातून पुसली गेली असेल तर पाठ फार खाली धरली आहे, फक्त अगदी कडेवरून पुसली गेली असेल तर फार वर, आणि सगळी सारखी गेली असेल तर सुरीचा मूळचा कोन सापडला असे समजावे.

दगडाखाली ओले फडके घालावे म्हणजे तो सरकत नाही. एका हाताने मूठ आणि दुसऱ्या हाताच्या दोन-तीन बोटांनी पात्यावर, धारेच्या जवळ पण धारेवर नव्हे, दाब द्यावा. सुरी पुढेमागे फिरवताना बोटे जिथे असतात तिथेच घासले जाते, म्हणून टाचेपासून टोकापर्यंत बोटे क्रमाने सरकवत न्यावीत. टोकाकडे पाते वळते, तिथे मूठ किंचित उचलावी लागते. नवख्या हातांची बहुतेक टोके याच ठिकाणी गोल होतात. दगडावर जो राखाडी गाळ जमतो, तो घाण समजून धुऊन टाकू नये, कारण त्यातले सुटे कण घासण्याचे काम करत असतात. दगड कोरडा पडू लागला की थोडे पाणी शिंपडावे.

किती वेळ घासायचे, याचे उत्तर घड्याळ देत नाही. एक बाजू पुरेशी घासली गेली की कडेचा धातू पलीकडच्या बाजूला वळून त्याची केसासारखी बारीक कोर तयार होते. कारागीर तिला बर म्हणतात. ती डोळ्यांना क्वचितच दिसते. अंगठ्याचे पेर पात्याच्या पाठीकडून धारेकडे, म्हणजे धारेला ओलांडून बाहेर जाईल असे, अलगद न्यावे. जिथे बर आली आहे तिथे कातडी किंचित अडकते, आणि जिथे आली नाही तिथे बोट सुळकन निसटते. टाचेपासून टोकापर्यंत ही अडकण सलग लागली की ती बाजू पूर्ण झाली, आणि त्याआधी बाजू बदलू नये. मधेच दोन इंच बर नसेल तर तेवढ्या भागात कड अजून बोथटच आहे. दुसऱ्या बाजूनेही हेच करावे. त्यानंतर दाब क्रमाक्रमाने कमी करत, एकदा एक बाजू आणि एकदा दुसरी, अशा फेऱ्या माराव्यात, म्हणजे बर झिजत जाते. ती तशीच राहिली तर सुरी पहिल्या दिवशी विलक्षण धारदार वाटते आणि दोन दिवसांत बोथट होते. ‘माझ्या हाताची धार टिकत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा या न काढलेल्या बरमध्येच असते.

पुढचा टप्पा धार पॉलिश करण्याचा. ३००० ते ६००० च्या दगडावर तोच कोन धरून काही हलक्या फेऱ्या माराव्यात आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर सुरी धारेच्या उलट दिशेने, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, ओढावी. चामड्यावर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट चोळलेली असेल तर उरलीसुरली बर जाते आणि कड चकचकीत होते. मात्र आरशासारखी धार प्रत्येक कामाला चांगलीच असते असे नाही. टोमॅटोसारख्या गुळगुळीत सालीला १००० ग्रिटनंतर थांबलेली, सूक्ष्म दाते शिल्लक असलेली धार अधिक चटकन पकडते, तर वरून दाबून कापताना पॉलिश केलेली धार सरस ठरते. माझ्या रोजच्या सुरीवर मी ३००० च्या पुढे जात नाही.

दगडही झिजतो आणि मध्यभागी खोलगट होतो. अशा दगडावर कोन सारखा राहणे अशक्य असते. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखून तो सपाट काचेवर ठेवलेल्या खरखरीत पॉलिश पेपरवर पाणी घालून घासावा आणि सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की थांबावे. पात्याच्या बाबतीत असेच एक काम वर्षानुवर्षे राहून जाते. पाते पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ असते, त्यामुळे धार लावत लावत कड वर सरकली की ती जाड भागात येऊन पोहोचते, आणि मग कागद सहज कापणारी सुरीसुद्धा भाजीत पाचरीसारखी अडकते. त्यासाठी पाते दगडावर जवळजवळ आडवे ठेवून, कडेच्या वरचा भाग घासून पातळ करावा लागतो आणि मग नेहमीच्या कोनात धार लावावी लागते.

विजेवर फिरणाऱ्या कोरड्या चाकाविषयी मी सावध राहण्याचा सल्ला देईन. पोलाद कडक केल्यानंतर त्याचा ठिसूळपणा कमी करण्यासाठी ते ठरावीक तापमानाला पुन्हा तापवलेले असते. अनेक सुऱ्यांसाठी हे तापमान साधारण १५० ते २५० अंश सेल्सिअस असते. चाकावर पातळ कड क्षणार्धात त्यापुढे तापते. साध्या कार्बन पोलादावर ३०० अंशांच्या आसपास निळा रंग उमटतो आणि तेवढा भाग कायमचा मऊ पडतो. माझी एक जुनी सुरी अशीच टोकाजवळ निळी होऊन परत आली, आणि तो तुकडा घासून जाईपर्यंत तिथली धार कधीच टिकली नाही. सुरी फटीतून ओढायची छोटी साधनेही, विशेषतः कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाच्या पात्यांची, धातू ओरबाडून काढतात आणि पाते लवकर संपवतात.

पात्याच्या बाजूंची चमक ही केवळ शोभा नसते, कारण ओरखड्यांमध्ये ओल आणि क्षार साचतात आणि गुळगुळीत पृष्ठभाग त्या मानाने कमी गंजतो. लाल गंज दिसला तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्याने घासावे. डाग खोल असेल तर ६०० ग्रिटच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून ८००, १०००, १५०० आणि २००० असे पुढे जावे. कागद लाकडाच्या सपाट ठोकळ्याला गुंडाळावा, पाणी वापरावे आणि सुरी टेबलाच्या कडेवर सपाट टेकवून एकाच दिशेने घासावे. आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद घेऊ नये, नाहीतर शेवटच्या चकाकीत ते सगळे उठून दिसतात. अखेरीस धातूच्या पॉलिशने मऊ कापडावर चोळून सुरी साबणाने स्वच्छ धुवावी. कार्बन पोलादावर वापराने चढणारा करडा-निळसर थर मात्र काढू नये. तो लाल गंजापासून पात्याचे काही प्रमाणात रक्षणच करतो. स्टेनलेस पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असते आणि त्याचा अदृश्य ऑक्साइड थर पात्याला वाचवतो, तरी मिठाच्या पाण्यात पडून राहिल्यास त्यालाही बारीक खड्डे पडतात.

रोजची काळजी थोडक्यात सांगता येते. काच, दगड, चिनी माती किंवा स्टील यांच्यावर कापू नये. लाकडी किंवा मऊ प्लास्टिकची फळी वापरावी, आणि चिरलेले गोळा करताना सुरी उलटी करून पाठीने ओढावे. काम संपताच सुरी हाताने धुऊन लगेच कोरडी करावी. डिशवॉशरमध्ये उष्णता, तीव्र क्षार आणि इतर भांड्यांचे धक्के एकाच वेळी बसतात, आणि लाकडी मूठही फुगून तडकते. भांड्यांच्या खणात सुरी मोकळी टाकू नये. चुंबकाच्या पट्टीवर ठेवताना आधी पाठ टेकवावी व मग पाते आडवे करावे, आणि काढताना याच्या उलट करावे. लाकडी मूठ कोरडी आणि फिकट दिसू लागली की तिला जवसाचे तेल चोळून रात्रभर मुरू द्यावे. बरेच महिने न लागणारी कार्बन पोलादाची सुरी ठेवून द्यायची असेल तर खाद्यवापरास योग्य अशा खनिज तेलाचा पातळ हात द्यावा, कारण स्वयंपाकाचे तेल कालांतराने चिकट होते. आणि ती चामड्याच्या म्यानात न ठेवता कागदात गुंडाळावी, कारण चामडे ओल धरून ठेवते.