इस्लामी अर्थशास्त्र आणि भांडवलशाही: अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं

गोव्यात एमए इकॉनॉमिक्स करताना मी डिझर्टेशनला हाच विषय घेतला होता, आता ज्युनियर विचारतात सुरुवात कुठून करू, म्हणून लिहितोय. "इस्लाम भांडवलशाहीच्या बाजूने की विरोधात" या वादात महिने घालवू नका, दोन्हीकडून भरपूर पुरावे मिळतात. खासगी मालमत्ता, बाजार, नफा सगळं मान्य आहे, पैगंबर स्वतः व्यापार करायचे, आणि कुराणात (२:२७५) व्यापार वैध पण रिबा (म्हणजे व्याज) निषिद्ध हे एकाच आयतीत येतं. खरं भांडण आहे ते काहीच धोका न पत्करता नुसत्या पैशावर ठरलेला परतावा घेण्याशी. म्हणून एकेक करार घ्या आणि बघा, तोटा झाला तर तो कोण सोसणार.

मुदारबामध्ये एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत, नफा ठरलेल्या प्रमाणात, पण तोटा आला तर पैसा पैसेवाल्याचा जातो आणि राबणाऱ्याचे कष्ट फुकट. मुशारकामध्ये भांडवल दोघांचं, नफा ठरवाल तसा, तोटा मात्र ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणातच. आपल्याकडच्या रापणीवर (किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचं मोठं जाळं) हे पटकन समजतं, मासळी मिळाली तर जाळीवाल्याला आणि ओढणाऱ्यांना वाटा, नाही मिळाली तर कोणालाच नाही. मध्ययुगात व्हेनिस, जेनोवाचे व्यापारी कोमेंडा नावाचा करार करायचे तो मुदारबाच्या खूप जवळचा आहे, त्यामुळे या दोन जगांत भिंत आहे असं धरून चालूच नका.

आता मुराबहा, इथे जास्त वेळ द्या कारण प्रत्यक्षात इस्लामी बँकांचा बराच धंदा यावरच चालतो. समजा बँक ८ लाखांची गाडी स्वतः विकत घेते आणि तुम्हाला १० लाखांना हप्त्यांनी विकते. हे व्याजच झालं ना, असं सगळेच म्हणतात, आणि नफ्याचा दर बऱ्याचदा बाजारातल्या व्याजदराकडे बघूनच ठरतो हेही खरं. पण काही वेळ तरी गाडी बँकेच्या मालकीची असते, किंमत एकदा ठरली की वाढत नाही, आणि उशिराचा दंड लावला तर तो सहसा बँकेच्या नफ्यात न जाता दानधर्माला द्यावा लागतो. माझं मत विचाराल तर तत्त्व वेगळं आहे पण व्यवहार भांडवलशाहीच्या बराच जवळ गेलाय. अर्थतज्ज्ञ तिमूर कुरान यांची इस्लामी अर्थशास्त्रावरची टीका वाचा आणि दुसऱ्या बाजूने, म्हणजे समर्थकांपैकी, अलीगढचे अर्थतज्ज्ञ नेजातुल्लाह सिद्दीकी पण वाचा, एकच बाजू वाचून व्हायवाला जाऊ नका.

भारताचं चित्र थोडक्यात: २००८ मध्ये रघुराम राजन समितीने व्याजमुक्त बँकिंगची शिफारस केली, २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने पुढे जायचं नाही असं ठरवलं. शेअर बाजारात मात्र शरिया इंडेक्स (इस्लामी नियमांत बसणाऱ्या कंपन्यांचे निर्देशांक) आहेत, त्यातून दारू, जुगार, व्याजावर चालणाऱ्या बँका आणि जास्त कर्ज असलेल्या कंपन्या बाहेर ठेवतात. मांडवी नदीतले कॅसिनो रोज बघणाऱ्या आपल्याला ही चाळणी समजवावी लागत नाही.

फील्डवर्कची चिंता करू नका. गोव्यात गल्फ करून आलेलं माणूस शोधायला लांब जावं लागत नाही, हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान सगळेच, आणि त्यातल्या काहींनी तिथल्या इस्लामी बँकेतून गाडी घेतलेली असते. चहा पीत पीत विचारा, गाडी आधी कोणाच्या नावावर होती, हप्ता चुकला तेव्हा बँकेने काय केलं, आणि जुने कागद असले तर बघायला मागा.