शोधनियतकालिकाच्या संपादकाने काय सांभाळावे

लेख हातात आला की आधी हितसंबंध तपासा. कोल्हापूर, सांगली, सातारा इथली बहुतेक महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. त्यामुळे छापण्याआधी लेख तपासणारा परीक्षक हा लेखकाचा गाईड, विद्यार्थी किंवा अलीकडचा सहलेखक निघण्याची शक्यता दाट. दोनपैकी एक परीक्षक तरी विद्यापीठाबाहेरचा घ्या. लेखकानेच नाव सुचवले असेल तर त्या परीक्षकाचा ईमेल त्याच्या संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळा. खोट्या पत्त्यावरून स्वतःच स्वतःला शाबासकी देणारे लेखक जगभर सापडले आहेत.

परीक्षकापासून लेखकाचे नाव झाकायला पहिले पान काढून भागत नाही. वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ते तसेच राहते, आणि ‘माझ्या आधीच्या लेखात’ हे शब्दही चुगली करतात.

लेखातला किती मजकूर इतर लिखाणाशी जुळतो हे दाखवणाऱ्या साम्य-अहवालातला आकडा म्हणजे निकाल नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पण तेवढ्यात अख्खा निष्कर्ष उचललेला असू शकतो. अहवाल उघडून वाचाच.

स्वतःचा लेख असेल तर फाइल सहसंपादकाकडे.

छापलेला लेख सदोष ठरला तर लेखकाकडून लेखी खुलासा मागवा. मागे घ्यायचे ठरल्यास गुपचूप पुसू नका: पान ठेवून त्यावर ‘मागे घेतला’, कारण आणि तारीख ठळक टाका.