बोलेस्वाफ तिसऱ्यावर व्याख्यान कसे तयार करावे : सोलापूरच्या इतिहास-विद्यार्थ्यांसाठी

महाविद्यालयाच्या इतिहास मंडळात मध्ययुगीन युरोपवर बोलण्याची वेळ आली, तर पोलंडचा ड्यूक बोलेस्वाफ तिसरा (१०८६-११३८) हा विषय अवश्य निवडावा. भाऊबंदकी, परचक्र, धर्मप्रसार आणि राज्याची वाटणी हे सारे त्याच्या एकाच कारकिर्दीत सापडते.

सर्वप्रथम फळ्यावर वंशावळ काढावी. पोलंडच्या पिआस्त राजघराण्यात तीच ती नावे पिढ्यान्‌पिढ्या येत असल्यामुळे तिच्याविना श्रोता दहा मिनिटांत हरवतो. वडील व्वादिस्वाफ हेर्मान ११०२ मध्ये वारले आणि राज्य दोन मुलांत विभागले गेले. थोरला झ्बिग्निएफ सावत्र होता. त्याच्या आईचा विवाह चर्चला मान्य नसल्याने त्याच्या हक्कावर बोट ठेवणे सोपे होते. बालपण आणि शिक्षण यांवर वेळ दवडू नये.

यानंतरचे काम साधनांचे, आणि खरी मेहनत येथेच आहे. मुख्य आधार म्हणजे ‘गाल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनामिक परदेशी धर्मोपदेशकाने बोलेस्वाफच्या आश्रयाने लिहिलेली लॅटिन बखर. ती वाचताना सोलापूरकराने आपल्याच मातीतले उदाहरण समोर ठेवावे. बोलेस्वाफ गादीवर आला तेव्हा आपल्या परिसरावर कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता होती आणि सहावा विक्रमादित्य राज्य करीत होता. त्यानेही १०७६ मध्ये थोरला भाऊ दुसरा सोमेश्वर याला पदच्युत केले होते. त्याचा दरबारी कवी बिल्हण हाही परप्रांतीय, काश्मीरचा. आपला नायक भावाविरुद्ध उभा राहिला तो शिवाच्या आज्ञेमुळे, असे त्याने रंगवले. आश्रित लेखक धन्याच्या भावाविषयी काय लिहील, याचा अंदाज बिल्हण वाचलेल्याला आधीच असतो.

तो अंदाज झ्बिग्निएफच्या प्रकरणात लगेच उपयोगी पडतो. बोलेस्वाफने त्याला हाकलून दिले, पुढे परत येऊ दिले आणि मग आंधळे केले. गाल झ्बिग्निएफच्या उद्धट आगमनाचे वर्णन सविस्तर करतो, बोलेस्वाफच्या प्रायश्चित्ताची आणि हंगेरीतील यात्रेची कथाही भक्तिभावाने सांगतो, पण डोळे काढल्याचे स्पष्ट बोलत नाही. प्रागचा बखरकार कोस्मास मात्र ते उघडपणे नोंदवतो. व्याख्यानात दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि भाष्य आवरते घ्यावे.

११०९ ची स्वारी नकाशावर दाखवावी. जर्मन राजा पाचवा हेन्री झ्बिग्निएफची बाजू घेऊन आला आणि ओडर नदीवरील ग्वोगुफ या गढीला त्याने वेढा घातला. गढीतल्यांनी तहाच्या मुदतीत आपली मुले ओलीस दिली होती. गालच्या म्हणण्यानुसार हेन्रीने ती वेढ्याच्या यंत्रांना बांधली, तरीही आतल्या लोकांनी मारा थांबवला नाही. हे ‘गाल सांगतो’ असे म्हणूनच सांगावे. याच मोहिमेतील प्सिए पोलेच्या मोठ्या विजयाची गोष्ट मात्र नंतरचा पोलिश बखरकार काद्वुबेक याच्या लेखनात येते. समकालीन गालला तिचा पत्ता नाही, म्हणून ती गाळलेली बरी.

बखर १११३ च्या सुमारास थांबते. उरलेल्या पंचवीस वर्षांसाठी दुसरी साधने लागतात. बाल्टिक किनाऱ्यावरील पोमेरेनिया जिंकल्यावर बोलेस्वाफने ११२४ मध्ये बाम्बर्गचा बिशप ओटो याला तेथे धर्मप्रसारासाठी बोलावले. ओटोच्या चरित्रांतून त्या भागाची माहिती मिळते. ११३५ मध्ये मर्सेबुर्ग येथे बोलेस्वाफने पोमेरेनियासाठी जर्मन सम्राट लोथारपुढे निष्ठेची शपथ घेतली, हेही लपवू नये.

शेवटचा भाग मृत्युपत्राचा. त्याची मूळ प्रत उपलब्ध नाही, पण व्यवस्था ढोबळमानाने ठाऊक आहे : क्राकोव्ह आणि वरिष्ठपद थोरला मुलगा व्वादिस्वाफ याच्याकडे, धाकट्यांना स्वतंत्र प्रांत, विधवा सालोमेआला (दुसरी पत्नी, धाकट्यांची आई) हयातीपुरता वेंचिचा प्रांत. शेतजमिनीची वाटणी पाहिलेल्या कोणालाही यातील धोका कळेल. सावत्र भावांत लढाया जुंपल्या आणि ११४६ मध्ये व्वादिस्वाफ परागंदा झाला. व्याख्यान येथे थांबवावे. क्राकोव्हमध्ये पोलंडच्या राजाचा राज्याभिषेक व्हायला १३२० साल उजाडले, एवढे सांगितले की श्रोते स्वतःच प्रश्न विचारू लागतात.